ते घर उभे कशावर आहे?

गेल्या माघात आमच्या विवाहाला चाळीस वर्षे पूर्ण झाली. त्या निमित्ताने घरी सत्यनारायण करावा, चार आप्तेष्टांस जेवू घालावे आणि सायंकाळी दोघांनी पर्वतीवर जाऊन यावे, एवढाच आमचा बेत होता. परंतु चिरंजीव आणि सूनबाई यांनी आम्हांस न विचारता निराळीच योजना करून ठेविली होती. एके रात्री जेवणे आटोपल्यावर त्यांनी एक चित्र आमच्यापुढे ठेविले. निळ्या-हिरव्या पाण्यात खांबांवर उभारलेली, झावळ्यांनी शाकारलेली घरे एका लाकडी पुलाच्या दोहो बाजूंस ओळीने उभी होती. मालदीव बेटांतील त्या घरांपैकी दोन घरे आमच्यासाठी ठरविली होती. एकात आम्ही उभयता, दुसऱ्यात ती दोघे आणि आमची दहा वर्षांची नात. मुक्काम चार दिवसांचा.

सौभाग्यवतीने चष्मा लावून ते चित्र बराच वेळ न्याहाळले आणि विचारले, "सगळे खरे, पण हे घर उभे कशावर आहे?"

"खांबांवर, आई," चिरंजीव म्हणाले.

"खांब मलाही दिसतात रे. पण ते रोवलेत कशात?"

या प्रश्नाचे धड उत्तर त्या रात्री आमच्यापैकी कोणालाच देता आले नाही. पुढे त्या चार दिवसांत मला त्याची एकाखाली एक अशी अनेक उत्तरे सापडली. तीच या महिन्यात वाचकांपुढे मांडण्याचे योजिले आहे. अलीकडे आपल्या ओळखीच्या घरांतील नवविवाहित जोडपी, आणि आता आमच्यासारखी वृद्ध जोडपीही, तिकडे जाऊ लागली आहेत. त्यांपैकी बहुतेकांस त्या घराच्या भाड्याचा आकडा तोंडपाठ असतो. त्याच्या पायाविषयी मात्र फारसे कोणी विचारीत नाही.

समुद्रयात्रा ही आपल्या धर्मशास्त्रकारांनी कलिवर्ज्यांत घातली होती. आमच्या पणजोबांनी समुद्र ओलांडला असता, तर परत आल्यावर त्यांस प्रायश्चित्त घ्यावे लागले असते. आम्ही मुंबईहून विमानात बसलो आणि तीन तासांच्या आत माले येथे उतरलोही. प्रायश्चित्ताची गोष्ट कोणाच्या मनातही आली नाही. ती पुढे माझ्या मनात आली, पण निराळ्या कारणाने; ते यथाक्रम सांगेन.

निघताना एक अडचण मात्र उपस्थित झाली. सौभाग्यवतीने आपल्या नित्यपूजेतील लहानसा बाळकृष्ण रेशमी वस्त्रात गुंडाळून पेटीत ठेविला होता. सूनबाईंनी तेथील नियम वाचून पाहिले होते. पूजेच्या मूर्ती त्या देशात नेण्यास मनाई आहे. मद्य आणि डुकराचे मांस नेण्यासही आहे. सौभाग्यवती क्षणभर हिरमुसली. मग तिने बाळकृष्ण पुन्हा देव्हाऱ्यात ठेविला, शेजारणीस पूजेचे सांगितले आणि म्हणाली, "ज्याच्या घरी जायचे त्याच्या घरची रीत. मी मानसपूजा करीन." चार दिवसांत तिने त्याबद्दल कुरकुर केली नाही. पाहुण्याचे पहिले कर्तव्य तिने घरातून पाऊल बाहेर टाकण्यापूर्वीच पार पाडले होते. मी मात्र त्यात कसा चुकलो, ते पुढे येईलच.

मालदीव हा देश आपल्या लक्षद्वीपाच्या दक्षिणेस, सुमारे 1,190 लहान लहान बेटांचा आहे. नकाशात ही बेटे माळेसारखी ओवलेली दिसतात, म्हणून 'मालाद्वीप' हेच त्याच्या नावाचे मूळ असावे असे पुष्कळजण मानतात. तेथील लोक आपल्या भाषेस दिवेही म्हणतात. तिची लिपी उजवीकडून डावीकडे लिहितात, आणि तिची पहिली नऊ अक्षरे अरबी अंकांवरून घेतलेली आहेत. आकड्यांची अक्षरे झालेली मी अन्यत्र कोठे पाहिली नाहीत. भाषा मात्र आपल्याच कुळातील, सिंहलीची बहीण. आमच्या पुलावरील एक तेथलाच तरुण हिंदी चित्रपट पाहून पाहून हिंदी उत्तम बोलत असे. मी त्याच्याकडून अंक म्हणवून घेतले. एक, दे, तिन, हतरु, फस, असे ऐकताना वर्गात पाढे ऐकत असल्याचा भास झाला. आपल्या 'प'चा तेथे 'फ' होतो आणि 'च'चा 'ह'. चंद्रास ते हंदु म्हणतात. एकदा त्याने पाण्याकडे बोट करून 'फेन' म्हटले. संस्कृताच्या सवयीने मी लाटेवरील फेस शोधू लागलो. तो हसला. फेन म्हणजे त्यांच्याकडे पाणी! आपले 'पाणी' आणि त्यांचे 'फेन' ही दोन्ही एका 'पानीय' शब्दाची लेकरे आहेत.

याहून जुना एक संबंध आपल्या रोजच्या बोलण्यात दडलेला आहे. फुटकी कवडी, कवडीमोल, कवडीचुंबक, हे शब्द आपण वापरतो. त्या कवड्या यायच्या कोठून? चलन म्हणून हिंदुस्थानात फिरलेल्या कवड्यांचा मोठा साठा याच बेटांवरून येत असे. इब्न बतूता हा प्रवासी 1343 साली तेथे पोहोचला आणि काही काळ काजी म्हणून राहिला. तेथील कवड्या बंगालात जातात आणि त्यांच्या बदल्यात तांदूळ येतो, असे त्याने लिहून ठेविले आहे. वाळूत तांदूळ पिकत नव्हता. समुद्राने दिलेल्या शिंपल्यावर त्या लोकांनी शतकानुशतके अन्न मिळविले. आता कवडीच्या जागी पाहुणा आला आहे, इतकाच काय तो फरक.

हा पाहुणा येऊ लागला तो 1972 सालापासून. त्या वर्षी विहामनाफुशी या बेटावर पहिले विश्रामस्थान उघडले. त्याचे नाव कुरुंबा, म्हणजे नारळ. पाण्यावरची घरे मात्र मूळची तेथील नव्हेत. खांबांवर घरे बांधून पाण्यावर राहणारे कोळी व व्यापारी आशियात पूर्वीपासून आहेत. ब्रूनेई येथील तसे गाव 1521 साली मॅगेलनच्या सफरीतील पिगाफेट्टाने पाहून वर्णिले आहे. परंतु पाहुण्यांच्या विश्रांतीसाठी अशी घरे प्रथम बांधली ती 1967 साली, पॅसिफिक महासागरातील फ्रेंच पॉलिनेशियाच्या राइआतेआ बेटावर, तीन अमेरिकन मित्रांनी. त्याचे कारण मोठे साधे होते. त्यांच्या हॉटेलास वाळूचा किनाराच नव्हता! जमिनीत जे उणे होते ते पाण्यावर भरून काढावे, या अडचणीतून ती युक्ती निघाली आणि पुढे जगभर ऐश्वर्याचे चिन्ह होऊन बसली.

आता आमच्या घराविषयी. लाकडी पुलावरून चालत गेल्यावर शेवटून तिसरे ते आमचे. आत पलंग, बैठक, स्नानगृह. पुढे एक उघडा सज्जा आणि त्यावरून थेट समुद्रात उतरणारा जिना. बैठकीच्या जमिनीत एक जाड काच बसविली होती. तिच्यातून खाली फिरणारे मासे दिसत. नात त्या काचेवर पालथी पडून तासन् तास पाहत राही. पहिल्या रात्री मला झोप लागली नाही. पलंगाखालून पाणी वाहते आहे हा विचार साठीनंतर पचनी पडण्यास थोडा वेळ लागतो.

पहाटे सज्ज्यावर संध्येस बसलो तेव्हा संकल्पात अडलो. आजवर गोदावरीच्या दक्षिण तीराचा उच्चार केला; येथे कोणते तीर म्हणावे? समुद्राचे म्हणावे, तर तीर मागे राहिलेले आणि मी पाण्यावर. शेवटी नुसते 'समुद्रे' म्हणून मोकळा झालो. अर्घ्य दिले ते पाणी पळीतून निसटून थेट समुद्रास मिळाले. घरी ते ताम्हनात पडते आणि तुळशीस घालावे लागते. चाळीस-पन्नास वर्षे अर्घ्य देत आलो, पण दिलेले पाणी जाते कोठे, हा विचार त्या दिवशी प्रथम मनात आला.

आणि तेथूनच सौभाग्यवतीच्या प्रश्नाचा पाठपुरावा मी सुरू केला. खांब काँक्रीटचे, समुद्रतळाशी खोल रोवलेले. तळ कशाचा? पांढऱ्या वाळूचा. वाळू कशाची? पोवळ्यांची. पोपटासारखी चोच असलेले रंगीत मासे पोवळी कुरतडतात, त्यांवरील शेवाळ खातात आणि उरलेला चुरा वाळू करून टाकतात. आपण ज्या शुभ्र किनाऱ्यावर अनवाणी चालतो, त्याचा मोठा भाग त्या माशांच्या पोटातून आलेला असतो. पोवळे म्हणजे तरी काय? आपण त्यास मंगळाचे रत्न म्हणून अंगठीत बसवितो. तेथील उथळ पाण्यातील पोवळी ही चिमुकल्या जिवांच्या वसाहती आहेत. ते जीव चुन्याची घरे बांधतात आणि आपल्या अंगात अतिसूक्ष्म शेवाळास थारा देतात. ते शेवाळ सूर्यप्रकाशात अन्न करून यजमानास पोसते. पाहुण्याने यजमानास पोसावे, अशी ही सृष्टीतील अपूर्व व्यवस्था आहे. लक्षावधी पिढ्यांच्या अशा घरांचा थर साचून बांगडीच्या आकाराची द्वीपे होतात. त्यांस इंग्रजी भूगोलात ॲटॉल म्हणतात. तो शब्द दिवेही भाषेतीलच. खचत जाणाऱ्या जुन्या ज्वालामुखीभोवती पोवळी वर वर वाढत राहतात आणि पर्वत बुडून कंकण तेवढे उरते, असे डार्विनने 1842 साली प्रतिपादिले होते.

म्हणजे घर खांबांवर, खांब वाळूत, वाळू पोवळ्यांची आणि पोवळी शेवाळाच्या बळावर! याखाली आणखी एक थर होता, तो दुसऱ्या दिवशी दिसला. ओहोटीच्या वेळी पुलाखाली वाकून पाहिले, तर नळ आणि तारा ओळीने गेलेल्या. आमच्या स्नानाचे पाणी समुद्राचेच, परंतु यंत्राने क्षार काढलेले; दिवे आणि ती यंत्रे बेटाच्या दुसऱ्या टोकास धडधडणाऱ्या तेलाच्या जनित्रांवर चालत. मासे आणि नारळ सोडले, तर पानातील बहुतेक पदार्थ परदेशातून आलेला. अशा बेटांवर वाळूखाली पावसाच्या गोड्या पाण्याचा पातळ थर खाऱ्या पाण्यावर तरंगत असतो. उपसा अधिक झाला की तोही खारा होतो. 2014 च्या डिसेंबरात माले येथील जलकेंद्रास आग लागली, तेव्हा राजधानीतील लाखभर माणसे चहूकडे पाणी असून तहानेली राहिली आणि आपल्या देशाने विमानांतून व नौदलाच्या जहाजांतून पिण्याचे पाणी धाडले. हे मी सौभाग्यवतीस सांगितले. त्या दिवसापासून तिने टबात पाणी भरून स्नान करणे सोडले आणि मलाही सोडावयास लाविले.

आता माझ्या चुकीकडे येतो. तिसऱ्या दिवशी ओहोटीस पाणी कमरेइतके होते. मी जिना उतरून खाली गेलो आणि एका खडकावर पाय स्थिर करून उभा राहिलो. वर पुलावरून तो हिंदी बोलणारा तरुण घाईघाईने ओरडला, "मास्टरजी, पत्थर नहीं है, ज़िंदा है!" मी ओशाळून बाजूस झालो. तो खडक नव्हता. ते जिवंत पोवळे होते. माझ्या पायाएवढे ते वाढावयास किती वर्षे लागली असतील कोण जाणे! तरुणाने मग मला सांगितले की त्याच्या लहानपणी, 2016 साली, समुद्र तापला आणि त्याच्या गावापुढील पोवळी काही आठवड्यांत पांढरी फटक पडली. पाण्याची उष्णता नेहमीच्या उन्हाळ्याहून एखाद्या अंशाने वाढून तशीच टिकली, की पोवळी आपल्यातील शेवाळ बाहेर टाकतात आणि उपाशी मरतात. 1998 साली तर त्या देशातील उथळ पाण्यातील बहुतेक पोवळी मेली होती. "हमारे अब्बा रोए थे," तो म्हणाला. त्याचे वडील मासे धरणारे.

इतके ऐकूनही त्याच सायंकाळी मी वाळूच्या पट्टीवरून पोवळ्याची एक पांढरी वाळकी फांदी आणि एक सुबक शंख उचलला. फांदी टेबलावर ठेवावी, शंख देव्हाऱ्यात, असा विचार. मेलेल्या वस्तूस काय धनी, असे मनास समजावले आणि दोन्ही वस्तू उपरण्यात बांधून पेटीजवळ ठेविल्या. नात त्या रात्री आमच्याकडेच निजली होती. मध्यरात्री लाकडी जमिनीवर खरखर ऐकू आली. दिवा लाविला. शंख चालत चालत दाराकडे निघाला होता! आत खेकडा होता. दुसऱ्याने सोडून दिलेल्या शंखात बिऱ्हाड करून राहणारा. नात उठून बसली आणि म्हणाली, "आजोबा, तुम्ही त्याचं घर आणलंत." मी म्हणालो, "मला ठाऊक नव्हते गं." तेवढ्यात तिने टेबलावरचा कागद आणून माझ्या हाती दिला. पोवळी देशाबाहेर नेण्यास बंदी आहे आणि शिंपले उचलू नयेत, असे त्यावर स्पष्ट छापलेले होते. सबंध आयुष्य ज्याने मुलांस 'आधी सूचना वाचा, मग उत्तर लिहा' असे बजावले, त्याने चार दिवस तो कागद वाचलाच नव्हता. सौभाग्यवती अंथरुणावरूनच म्हणाली, "मी माझा देव घरी ठेवून आले, आणि तुम्ही त्यांचा उचलून आणलात!"

यावर उत्तर नव्हते. पहाटे संध्येपूर्वी आम्ही तिघे त्या वाळूच्या पट्टीवर गेलो. खेकड्यास खाली ठेविले. तो बराच वेळ हालला नाही, मग पाय काढून पाण्याकडे गेला. फांदी जेथून उचलली होती तेथे ठेविली. हेच काय ते माझे समुद्रयात्रेचे प्रायश्चित्त.

आपल्या परंपरेत अतिथीचा सत्कार कसा करावा, याविषयी पुष्कळ सांगितले आहे. अतिथीने कसे वागावे, हे त्या मानाने थोडे सांगितले आहे. कारण दारी आलेला अतिथी गरजू असे आणि एक रात्र राहून जात असे. आजचा अतिथी पैसे मोजून येतो, म्हणून तो स्वतःस धनी समजू लागतो. आम्ही भाडे दिले ते खोलीचे, चाकरीचे, जेवणाचे. पोवळ्यांस आम्ही काय दिले? त्या देशाच्या सरकारने यावर एक उपाय केला आहे. 2015 च्या नोव्हेंबरापासून विश्रामस्थानांत राहणाऱ्या परदेशी पाहुण्यांकडून रात्रीमागे माणशी 6 डॉलर हरित कर घेऊ लागले. 2025 च्या जानेवारीपासून तो 12 डॉलर केला आहे. कर योग्यच आहे. परंतु कर भरल्याने ऋण फिटते असे मात्र मला वाटत नाही.

कारण सर्वांत खालचा थर अद्याप सांगावयाचा राहिला. त्या देशाची सुमारे 80 टक्के भूमी समुद्राच्या पातळीपासून 1 मीटरही उंच नाही. 1987 साली तेथील अध्यक्ष मौमून अब्दुल गयूम यांनी संयुक्त राष्ट्रांच्या सभेत, समुद्र चढत गेल्यास आपल्या देशाचे काय होईल, हे जगास विनविले. 2009 च्या ऑक्टोबरात अध्यक्ष मोहमद नशीद यांनी मंत्रिमंडळाची बैठकच समुद्राच्या तळाशी भरविली. आणि समुद्र तापतो व चढतो तो ज्या धुरामुळे, त्यात आमच्या विमानाचा आणि त्या धडधडणाऱ्या जनित्रांचाही वाटा आहे. ज्या घराचे कौतुक करावयास गेलो, त्याच्या पायाशी आम्हीच थोडे खणून आलो. हे लिहिताना सुख वाटत नाही. पण वाचकांपासून ते लपविणे बरे नव्हे.

मग जाऊ नये काय? तसे मी म्हणणार नाही. त्या तरुणाच्या घरची चूल आमच्यासारख्यांच्या येण्यावर पेटते. पाहुणे बंद झाले तर ती विझेल, आणि पोवळ्यांचे रक्षण करावयास कोणाजवळ चार पैसे उरणार नाहीत. जे जातील त्यांनी मात्र काही गोष्टी पाळाव्यात. जावे ते वारंवार न जाता एकदा, आणि निवांत राहून यावे. तळास पाय लावू नये. तरंगता येत नसेल तर काचेतून पाहावे, तेवढे पुष्कळ आहे. अंगास लावण्याच्या उन्हाच्या मलमांतील काही द्रव्ये पोवळ्यांस बाधतात; पलाऊ देशाने 2020 पासून ती वर्जिली आहेत; त्यापेक्षा अंगभर कपडा बरा. गोडे पाणी घरच्या उन्हाळ्यातल्यासारखे जपून वापरावे. येताना काही उचलून आणू नये. आणि पोहोचताच टेबलावरचा कागद वाचावा. हे शेवटचे मास्तरांनी स्वतःसाठीही लिहिले आहे.

परत आल्यावर शेजारणीने बाळकृष्ण आणि किल्ली आणून दिली व उत्सुकतेने विचारले, "कसे होते हो पाण्यावरचे घर?"

सौभाग्यवती देव्हारा पुसत होती. ती म्हणाली, "छान होते. पण दुसऱ्याच्या अंगणात होते. अंगण सांभाळून वावरावे लागते."